पहाऱ्यावरच्या यंत्राला बळ किती हवे?



आजचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल, याची मला कल्पना आहे. एखाद्या मोठ्या संस्थेतील शेकडो संगणकांवर नजर ठेवणारी यंत्रणा उभारायची, तर त्या यंत्रणेसाठी स्वतःचे सर्व्हर किती ताकदीचे घ्यावेत, एवढाच हा प्रश्न आहे. हा प्रश्न खरेदीखात्याचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आपले बँकेतले पैसे, रेल्वेचे आरक्षण, विजेच्या बिलाचा भरणा, इस्पितळातले तपासणीचे अहवाल, हे सारे आज कोठे तरी चालू असलेल्या सर्व्हरच्या भरवशावर आहे. ते सर्व्हर ठीक चालले आहेत की नाही हे पाहण्यास माणसे बसवून भागत नाही, कारण यंत्रे हजारांनी असतात आणि ती रात्रंदिवस चालतात. म्हणून यंत्रांवर यंत्राचाच पहारा बसवतात. हा पहारेकरी ऐन वेळी थिजला तर काय होते, याची एक घडलेली हकीकत आधी सांगतो. मग पुढचे हिशेब कशासाठी करायचे ते निराळे सांगावे लागणार नाही.

१४ ऑगस्ट २००३ ची दुपार. अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन येथे एका वीज कंपनीचे नियंत्रण केंद्र होते. तेथे एखादी वाहिनी बंद पडली, एखाद्या ठिकाणी भार वाढला, की संगणक इशारा देई. पडद्यावर ओळ उमटे, घंटा वाजे. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर हा इशारा देणारा भाग थबकला. तो बंद पडला असता तर एक वेळ बरे झाले असते. तो अडकून राहिला. बाहेरून येणाऱ्या वार्ता तर येतच होत्या. त्यांची रांग वाढत गेली, आणि २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य सर्व्हर कोलमडला. अशा वेळेसाठी राखीव सर्व्हर ठेवलेला होता. ठरल्याप्रमाणे सारे काम त्याच्याकडे गेले. परंतु कामाबरोबर तो अडकलेला भागही जसाच्या तसा गेला, आणि तेरा मिनिटांत, २ वाजून ५४ मिनिटांनी, राखीव सर्व्हरही पडला. एरवी एक ते तीन सेकंदांत बदलणारा पडदा या काळात ५९ सेकंदांपर्यंत रेंगाळू लागला.

सर्वांत वाईट गोष्ट अशी की, खोलीत बसलेल्या माणसांना यातले काहीच कळले नाही. इशारा येत नाही, त्याअर्थी सर्व ठीक आहे, असे त्यांनी धरले. मधल्या काळात तीन मोठ्या वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडल्या. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांतच अमेरिकेतील आठ राज्ये आणि कॅनडातील ऑन्टारिओ प्रांत यांतील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. ६१,८०० मेगावॉटचा भार तुटला.

या प्रकरणाची दोन्ही देशांनी मिळून चौकशी केली, आणि तिचा अंतिम अहवाल २००४ मध्ये आला. झाडे वेळेवर छाटली नव्हती, हे त्यात आहेच. इशारा यंत्रणेतील मूळ दोषही सॉफ्टवेअरचा होता. सर्व्हर लहान पडले म्हणून ती थबकली असे नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मोठा सर्व्हर घेतला की सर्व रोग बरे होतात, असा समज पसरवणारे विक्रेते पुष्कळ आहेत. परंतु एक रांग तुंबली आणि तिच्या भाराखाली आधी एक व मग दुसरा सर्व्हर गेला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या अगदी मधोमध येते. पहाऱ्याच्या यंत्राचा स्वभावच असा आहे की, जग शांत असते तेव्हा त्याला काम थोडे, आणि जग कोसळू लागते तेव्हा काम दसपट. शांततेच्या दिवसाचे माप घेऊन त्याचा अंगरखा शिवला, तर तो नेमका ज्या दिवसासाठी शिवला त्याच दिवशी उसवतो.

आता असे यंत्र करते काय, ते पाहू. बोलणे हवेत राहू नये म्हणून एका खऱ्या प्रणालीचे उदाहरण घेतो. झॅबिक्स नावाची एक प्रणाली आहे. लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी १९९८ च्या सुमारास ती लिहावयास घेतली, २००१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, आणि आज रीगा येथील कंपनी ती सांभाळते. ती मोफत मिळते. अर्थात फुकटचा हत्ती मिळाला तरी त्याच्या चाऱ्याचा हिशेब चुकत नाही, आणि आजचे व्याख्यान त्या चाऱ्याचेच आहे.

ही प्रणाली ठराविक वेळाने प्रत्येक यंत्राला काही प्रश्न विचारते. प्रोसेसर किती गुंतला आहे? मेमरी किती उरली? डिस्क किती भरली? जाळ्याच्या या तारेवरून किती बाइट गेले? अशा प्रत्येक प्रश्नाला आपण ‘बाब’ म्हणू, आणि त्याच्या प्रत्येक उत्तराला ‘नोंद’ म्हणू. नोंद आली की ती डेटाबेसमध्ये लिहायची, आधी ठरवलेल्या मर्यादेशी ताडून पाहायची, आणि मर्यादा ओलांडली असेल तर जबाबदार माणसाला कळवायचे. काम इतकेच आहे.

विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, “तुमची यंत्रे किती?” हा प्रश्न निरुपयोगी नाही, पण अपुरा आहे. पंगतीला पाने किती, एवढे सांगून आचारी शिधा काढत नाही. जेवणारे कोण आणि किती वेळा वाढायचे, तेही तो विचारतो. एका साध्या छपाई यंत्राच्या चार बाबी असतील. उलट अठ्ठेचाळीस तारा जोडलेली जाळ्याची पेटी घ्या. प्रत्येक तारेच्या आठ बाबी धरल्या तर एका पेटीच्याच ३८४ झाल्या. म्हणून मोजायच्या त्या बाबी, आणि त्याहीपेक्षा दर सेकंदाला येणाऱ्या नोंदी. सर्व हिशेबाचा पाया हा एकच आकडा आहे.

समजा, एक बँक आहे. तिच्या शंभर शाखा आणि एक मुख्य कचेरी मिळून एक हजार यंत्रे आहेत, आणि सरासरीने प्रत्येकाच्या साठ बाबी आहेत. म्हणजे साठ हजार बाबी. प्रत्येक बाब मिनिटाला एकदा विचारायची ठरवली, तर सेकंदाला एक हजार नोंदी येतील. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा दिवसाच्या नोंदी ८ कोटी ६४ लाख झाल्या. एका संख्येच्या नोंदीला डेटाबेसमध्ये अदमासे ९० बाइट धरावेत, असे झॅबिक्सच्या हस्तपुस्तिकेतच म्हटले आहे. त्या हिशेबाने दिवसाला सुमारे पावणेआठ गिगाबाइट जागा लागेल. (एक गिगाबाइट म्हणजे येथे शंभर कोटी बाइट धरतो, थोडा फरक पडतो, पण अंदाजाला तो चालतो.) महिन्याला २३३, वर्षाला सुमारे २,८४० गिगाबाइट. पाच वर्षे सर्व जपायचे म्हटले तर चौदा हजारांवर गिगाबाइट!

येथे बहुतेक लोक घाबरून मोठी डिस्कपेटी मागवतात. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा: प्रत्येक नोंद इतके दिवस हवी कशाला? तीन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी दुपारी ३ वाजून १७ मिनिटांनी अमुक शाखेचा प्रोसेसर किती गुंतला होता, हे कोणी विचारणार नाही. तीन वर्षांत भार कसा वाढत गेला, हे मात्र विचारतील. त्यासाठी तासाचा गोषवारा पुरतो. झॅबिक्समध्ये तशी सोय आहे. प्रत्येक बाबीचा तासाला एकच गोषवारा राहतो, आणि त्यात किमान, कमाल, सरासरी आणि नोंदींची संख्या असते. आपल्या साठ हजार बाबींच्या गोषवाऱ्याला वर्षाला सुमारे ४७ गिगाबाइट लागतील. पाच वर्षांना २३७. महिनाभराच्या सुट्या नोंदींचे २३३ त्यात मिळवले, की एकूण ४७० गिगाबाइट होतात. चौदा हजारांचे काम पाचशेच्या आत आले, आणि ज्याला उद्याचे नियोजन करायचे आहे त्याचे काही बिघडले नाही.

केवळ सरासरी ठेवून मात्र भागत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. एकोणसाठ मिनिटे प्रोसेसर शेकडा १० गुंतला आणि एक मिनिट पूर्ण शंभर टक्के गुंतला, तर तासाची सरासरी साडेअकरा भरते. त्या एका मिनिटात शाखेतील खिडकीपुढे रांग थांबली होती, हे त्या साडेअकरांत कोठेच दिसत नाही. कमाल आकड्यात दिसते. म्हणून गोषवाऱ्यात कमाल हवीच.

दुसरा प्रश्न असा: सर्व बाबी दर मिनिटाला विचारायच्या कशासाठी? डिस्कची एकूण क्षमता रोज बदलत नाही. यंत्राचा नमुना क्रमांक तर जन्मभर तोच राहतो. असे समजा की, साठांपैकी दहा हजार बाबी मिनिटाला, तीस हजार पाच मिनिटांनी आणि वीस हजार तासाने विचारल्या. हिशेब करून पाहा: १६७ अधिक १०० अधिक साडेपाच. सेकंदाला हजारांच्या जागी २७२ नोंदी. एक नवा पैसाही खर्च न करता भार चौथाईवर आला.

पण हे कापणे आंधळेपणाने करता येत नाही. जाळ्याच्या तारेवरून गेलेले बाइट मोजणारा जुना गणकयंत्राचा काटा बत्तीस अंशी असतो. तो सुमारे ४२९ कोटी ४९ लाखांपर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो, जसा जुन्या मोटारीचा मैल मोजणारा काटा नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर शून्यावर येई. तार सेकंदाला दहा कोटी अंश वाहून नेणारी असेल आणि पूर्ण भरून चालली असेल, तर हा काटा सुमारे पावणेसहा मिनिटांत फिरून येतो. शंभर कोटींची असेल तर चौतीस सेकंदांतच. म्हणजे मिनिटाला एकदा विचारूनही मध्ये काटा एकदा फिरला की दोनदा, ते कळणार नाही, आणि आलेख बेधडक खोटा निघेल. उपाय आहे. नव्या यंत्रांत चौसष्ट अंशी काटा असतो. तो इतक्या वेगातही हजारो वर्षे शून्यावर येत नाही. तोच वाचावा. सांगायचे ते असे की, बाब किती वेळाने विचारावी हे सोयीवर नाही, त्या बाबीच्या चालीवर ठरते. आणि ते कागदावर लिहून काढल्याशिवाय सर्व्हरची किंमत विचारावयास जाऊ नये.

जागेचा प्रश्न येथवर सुटला. परंतु डिस्कचा खरा प्रश्न जागेचा नसतो, वेगाचा असतो. आणि नेमके हेच खरेदी करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे फिरणारी तबकडीची डिस्क घ्या. तिचा एक फेरा ८.३ सहस्रांश सेकंदात होतो. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा वाट पाहावी लागते, म्हणजे ४.२; आणि सुई त्या वर्तुळावर नेऊन पोहोचवण्यास आणखी आठ-नऊ. सारे मिळून बारा-तेरा सहस्रांश सेकंद. म्हणजे अशी डिस्क सेकंदाला सुमारे ऐंशी वेळा इकडेतिकडे जाऊ शकते. मग तिची जागा चार हजार गिगाबाइट असो की दहा हजार! सेकंदाला हजार नोंदी, प्रत्येक वेगळ्या जागी, ती लिहू शकणार नाही. घरातले पिंप कितीही मोठे असले तरी नळ अर्ध्या इंचाचाच असतो, तशातली ही गत. म्हणून नोंदी आधी मेमरीत गोळा करून गठ्ठ्याने लिहितात. आणि ज्याला सामर्थ्य असेल त्याने फिरत्या तबकडीऐवजी इलेक्ट्रॉनी डिस्क घ्यावी, जी सेकंदाला हजारो वेळा हे काम करते. पैसे थोडे असतील तर प्रोसेसर दोन पायऱ्या खालचा घ्यावा, पण डेटाबेसची डिस्क इलेक्ट्रॉनीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिहिण्याइतकेच पुसणेही असते, हे विसरले जाते. महिनाभराच्या नोंदी ठेवायच्या म्हणजे एकतिसाव्या दिवसापासून सेकंदाला हजार नव्या येणार आणि हजार जुन्या जाणार. पहिला महिना यंत्रणा उत्तम चालते, सत्कार होतात, आणि दुसऱ्या महिन्यापासून ती का मंदावली ते कोणाला कळत नाही. जुन्या वहीतील एकेक ओळ रबराने खोडत बसावे, तसे ते काम आहे. त्यापेक्षा दर दिवसाची वही वेगळी ठेवावी आणि मुदत संपली की ती सबंध उचलून टाकावी. डेटाबेसमध्ये असे दिनवार विभाग पाडता येतात. आणि मोठ्या यंत्रणेत ते पहिल्या दिवशीच पाडावेत, कारण भरलेल्या डेटाबेसमध्ये ते नंतर पाडणे फार जिकिरीचे होते.

मेमरी किती घ्यावी, याबद्दल एक उपयुक्त निरीक्षण उपलब्ध आहे. फेसबुकमधील अभियंत्यांनी २०१५ मध्ये ‘गोरिला’ या आपल्या नोंदणी-प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी असे दाखवले की, तेथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी किमान शेकडा ८५ प्रश्न गेल्या २६ तासांतील नोंदींविषयीचे असत. तेव्हा एवढ्या नोंदी मेमरीत मावल्या की बहुतेक विचारणा डिस्ककडे न जाता भागते. आपल्या बँकेच्या सेकंदाला हजार नोंदी धरल्या तर २६ तासांच्या नऊ कोटी ३६ लाख होतात. ९० बाइटांच्या हिशेबाने त्यांना साडेआठ गिगाबाइटांच्या आत मेमरी लागेल. त्यावर डेटाबेसची सूची, प्रणाली स्वतः आणि थोडी मोकळी जागा धरून ३२ गिगाबाइट मागितली तर ती चैन म्हणता येणार नाही.

त्याच निबंधातली दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. नोंदी ठराविक वेळाने येतात. म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण वेळ लिहिण्याचे कारण नाही, ‘मागच्याइतकेच अंतर’ एवढी एका अंशाची खूण पुरते. शेकडा ९६ वेळा तेवढ्यावर भागले. संख्याही बहुधा मागचीच असते. निम्म्याहून थोड्या अधिक वेळा तीही एका अंशात लिहिता आली. अशा रीतीने सोळा बाइटांची नोंद सरासरी १.३७ बाइटांत बसली. प्रोमिथिअस ही प्रणाली बर्लिनमधील साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झाली; तीही याच युक्तीने एका नोंदीला एक ते दोन बाइट घेते. आपल्या बँकेच्या वर्षभराच्या सर्व सुट्या नोंदी तिच्यात सुमारे ६३ गिगाबाइटांत राहतील. मग झॅबिक्स सोडावे काय? तसे नव्हे. प्रोमिथिअस संख्याच ठेवते, मजकूर ठेवत नाही. आणि झॅबिक्सलाही नोंदी दाबून ठेवणारा डेटाबेस जोडता येतो. प्रणाली कोणती हे कामावरून ठरवावे. परंतु सर्व्हर किती मोठा, या प्रश्नाचे उत्तर प्रणाली ठरल्याशिवाय देता येत नाही, आणि निविदा मात्र पुष्कळदा उलट्या क्रमाने निघतात.

आता प्रश्न विचारणाऱ्या कामगारांकडे येऊ. प्रणालीच्या आत यंत्रांना प्रश्न विचारणारे अनेक कामगार असतात, म्हणजे एकाच प्रणालीची एकाच वेळी चाललेली छोटी छोटी कामे. ते किती ठेवावेत? यासाठी जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, आणि तो आपल्याला एस. टी. च्या आरक्षणखिडकीवरून सहज पटेल. मिनिटाला दोन माणसे येतात आणि प्रत्येकाला दहा मिनिटे थांबावे लागते, तर आत केव्हाही सरासरी वीस माणसे असणार. येण्याचा वेग गुणिले लागणारा वेळ. आपल्याकडे सेकंदाला हजार प्रश्न आहेत, आणि एका प्रश्नोत्तराला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. तर वीस कामगार सतत गुंतलेले राहतील. पंचवीस ठेवले की झाले, असे वाटते.

शांत दिवशी तसेच होते. परंतु एका भागातील तार तुटली आणि शेकडा पाच यंत्रे उत्तरच देईनाशी झाली, असे समजा. उत्तर न देणाऱ्याची वाट पाहण्यास मुदत असते. झॅबिक्समध्ये ती मूळची ३ सेकंद आहे. आता सेकंदाच्या हजार प्रश्नांपैकी ९५० पूर्ववत एकोणीस कामगारांना गुंतवतील. उरलेले पन्नास मात्र प्रत्येकी तीन सेकंद घेऊन दीडशे कामगार अडवतील. एकूण १६९ हवेत, आणि आपल्याकडे आहेत पंचवीस. शेकडा पाच यंत्रे मुकी झाल्याबरोबर उरलेल्या पंचाण्णवांचीही खबर उशिरा येऊ लागते. आणि मुख्य कचेरीत बसलेल्या माणसाला सगळीच बँक आजारी दिसते. म्हणून मुक्या यंत्रांसाठी कामगारांची वेगळी तुकडी ठेवतात, म्हणजे निदान इतरांचे काम अडत नाही. २०२४ मध्ये आलेल्या झॅबिक्सच्या ७.० या आवृत्तीपासून काही प्रकारच्या विचारणांत एकच कामगार एकाच वेळी अनेकांना विचारून ठेवू शकतो. त्यामुळे ही अडचण पुष्कळ हलकी झाली आहे.

रांगेचेच आणखी एक गणित सांगितले पाहिजे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या संभाषणांवर या गणिताचा पाया घातला. त्याचे सर्वांत साधे रूप असे: काम येण्याच्या वेळा अनियमित असतील, तर यंत्र निम्मे गुंतलेले असता कामाला दुप्पट वेळ लागतो, शेकडा ऐंशी गुंतले की पाचपट, नव्वदला दसपट, पंचाण्णवला वीसपट. शेवटचे पाच टक्के भार चढला की वाट पाहणे दुप्पट होते! खर्चाच्या तपासनिसाला शेकडा साठच वापरलेला सर्व्हर दिसला की तो म्हणतो, “एवढे भांडवल रिकामे का?” त्याला हे कोष्टक दाखवावे.

मोकळी ताकद कशासाठी, याचे आणखी एक उत्तर आहे. मोठ्या जाळ्यात शाखांशाखांतून मदतनीस सर्व्हर ठेवतात. ते तेथील नोंदी गोळा करून मुख्य सर्व्हरला पाठवतात. मुख्य सर्व्हर एक तास बंद पडला, तर ते नोंदी साठवून ठेवतात. झॅबिक्समध्ये मूळची सोय एका तासाचीच आहे. ती मुदत वाढवून घ्यावी, नाही तर तीन तासांच्या खंडात दोन तासांच्या नोंदी कायमच्या जातील. असो. तासाभराने मुख्य सर्व्हर उठला तेव्हा त्याच्यापुढे छत्तीस लाख नोंदी तुंबलेल्या आहेत, आणि नव्या हजार सेकंदाला येतच आहेत. त्याची ताकद सेकंदाला बाराशेची असेल, तर तुंबलेल्यांसाठी दोनशेच उरतात. निचरा होण्यास पाच तास लागतील. तोवर पडद्यावर शिळी माहिती. ताकद दोन हजारांची असेल तर तासाभरात सारे ताळ्यावर येते. पाच तास की एक, हे संचालक मंडळाने ठरवायचे आहे; पण ते ठरवायचे आहे हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

वाढीविषयी थोडक्यात सांगतो. दरसाल शेकडा तीस वाढ धरली तर तीन वर्षांत भार २.२ पट होतो. तेवढ्याची तरतूद करावी, पण सर्व आजच विकत घेऊ नये. मेमरीच्या आणि डिस्कच्या रिकाम्या खोबण्या असलेला सर्व्हर घ्यावा. पाच-सात वर्षांपुढचा अंदाज माझ्या मते केवळ करमणूक आहे.

आणि खरेदीपूर्वी प्रयोग करावा. शितावरून भाताची परीक्षा येथे चांगली होते, मात्र शिते निरनिराळ्या भांड्यांतली हवीत. प्रत्येक जातीची दोन-चार यंत्रे घेऊन पंधरा दिवस एखाद्या जुन्या सर्व्हरवर यंत्रणा चालवावी. खऱ्या नोंदी किती, खरे बाइट किती, ते मोजावे आणि जातवार गुणाकार करावा. वर सांगितलेले ९० बाइट आणि पन्नासावा भाग हे आकडे प्रयोग होईपर्यंतच वापरायचे आहेत.

शेवटचा भाग जागेच्या निवडीचा. पहारेकरी ज्याच्यावर पहारा करतो त्याच्याच घरात राहिला, तर घराला आग लागल्यावर ओरडणार कोण? २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या साठवणसेवेत अमेरिकेतील एका विभागात मोठा बिघाड झाला, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारा त्यांचा फलकच बदलता येईना. कारण त्या फलकाचे व्यवस्थापन त्याच साठवणसेवेवर अवलंबून होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे सुमारे सहा तास जगापासून तुटले. त्या वेळी दुरुस्तीसाठी वापरायची आतली साधनेही त्याच जाळ्याबरोबर निकामी झाली. या संस्थांना पैशाची किंवा सर्व्हरची वाण नव्हती. म्हणून आपल्या बँकेने पहाऱ्याचा सर्व्हर इतर कामांच्या सर्व्हरांवर पाहुणा म्हणून ठेवू नये. त्याची वीज, त्याची डिस्क आणि बाहेर निरोप पाठवण्याची त्याची तार वेगळी असावी. राखीव सर्व्हरही ठेवावा, परंतु ओहायोतला राखीव सर्व्हर तेरा मिनिटांत का पडला ते लक्षात घेऊन.

त्याखेरीज एक अगदी लहानसे यंत्र निराळ्या जागी ठेवावे. त्याचे काम एकच. मुख्य पहारेकऱ्याने दर मिनिटाला ‘मी जागा आहे’ असा निरोप त्याला द्यायचा, आणि तीन निरोप चुकले की त्याने माणसाला उठवायचे. निरोप आल्यावर ओरडणारे यंत्र सगळेच ठेवतात. हे निरोप न आल्यावर ओरडणारे आहे. त्याला मोठी ताकद लागत नाही, मोडीत काढलेला एखादा जुना संगणकही चालतो. ते बसवल्यावर एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, कोणालाही न सांगता, मुख्य पहारेकऱ्याची तार काढावी, आणि हातात घड्याळ धरून पहिला माणूस विचारपूस करीत येईपर्यंत किती मिनिटे जातात ते मोजावे. तो आकडा सर्व्हरच्या मागणीपत्राला जोडावा.